हरणीनं मान लववली

गुरुजींच्या वहीत एकही जनावर वाईट नव्हतं. लाल पुठ्ठ्याची ती वही त्यांच्या कोटाच्या खिशात असायची आणि तिच्यात त्यांनी स्वतः रचलेल्या बोधपर कविता होत्या. सगळ्या एकाच साच्याच्या. माणूस रानात जातो, रानातलं जनावर समोर येतं, माणूस दया दाखवतो, जनावर विरघळतं. वहीतला वाघ चुकलेल्या वाटसरूला पाऊलवाटेवर आणून सोडायचा, अस्वल मधाचं पोळं अर्धं करून द्यायचं, नाग उन्हातल्या तान्ह्या बाळावर फणा धरायचा. ज्या लांडग्यानं आमच्या गावची निम्मी करडं उचलली होती, तोसुद्धा शेवटच्या कडव्यात एका म्हातारीची माफी मागून हमसून हमसून रडायचा. गुरुजी स्वतः मात्र वेशीवरच्या कुत्र्याला भिऊन शाळेत अर्धा मैल वळसा घालून यायचे. हे आम्ही त्यांना कधी विचारलं नाही. कविता वेगळी आणि कुत्रं वेगळं, एवढी समज आम्हा पोरांना होती. निदान बाकीच्या पोरांना होती.

मला नव्हती, कारण मी त्या कवितांची गाणारी, बोलणारी, रडणारी आणि मरून पडणारी अशी सगळीच होते. सातवीत होते. आवाज खणखणीत, डोळे मोठे आणि लाज कमी. वाघाच्या कवितेत मी अशी डरकाळी फोडायची की पहिलीतली पोरं उठून दाराकडे पळायची. पण माझी हुकमी कविता हरणीची. शिकारी दारात बसलेला, बाहेर दुष्काळ, आणि तहानलेली हरणी त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहते:

‘रानामधुनी हरणी आली, तहानलेली दारी;
बाण ठेवुनी ओंजळ पुढती धरितो वीर शिकारी.’

आणि मग शेवट. तो म्हणताना मी आवाज इतका खाली न्यायची की ऐकणाऱ्यांना पुढे सरकावं लागायचं:

‘पाणी पिऊन हरणी लववी मान तयाच्या पायी;
दया करी जो मुक्या जिवांवर, त्याला भीती नाही.’

इथे मी मान झुकवून दोन्ही हात पसरायची. बायका पदर डोळ्यांना लावायच्या. आज पन्नाशी ओलांडली, गावोगाव कथाकथन करत हिंडते, पण तसा पदर डोळ्यांना लावायला लावणं मला पुन्हा जमलेलं नाही.

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती, आणि आधीच्या वर्षीही त्यानं काही तोंड दाखवलं नव्हतं. पाटोद्याच्या बाजारात बैल मातीमोल जायला लागले, तेव्हा सोसायटीनं गावच्या गायरानात जनावरांची छावणी उघडली. साखर कारखान्याकडून उसाचे वाढे ट्रकनं यायचे, एक दिवसाआड पाण्याचा टँकर यायचा, आणि सभासदांनी आपापली जनावरं घेऊन तिथेच मुक्काम करायचा. आम्हीही घराला कुलूप लावून तिकडे गेलो. माय, आण्णा म्हणजे माझे वडील, मी, एक भाकड गाय आणि बैलजोडी हौशा-गुलब्या. बारदान्याचं पाल ठोकलं, तीन दगडांची चूल मांडली, की झालं घर. मला ते दिवस जत्रेसारखे वाटले, हे आज सांगताना जड जातं. सकाळी शेकडो जनावरं एकदम वाढे चघळायला लागली की सगळ्या गायरानात सर पडल्यासारखा आवाज व्हायचा. माय हुलग्याचं माडगं करायची, लसणाची एक पाकळी घालून, आणि त्या एका पाकळीच्या वासानं शेजारची पालं जागी व्हायची. टँकरचा हॉर्न वाजला की बायका हंडे घेऊन धावायच्या आणि तिथे जी भांडणं व्हायची, ती मी संध्याकाळी पालापालातून साभिनय करून दाखवायची. ज्यांची नक्कल करायची, त्याच बायका पोट धरून हसायच्या. “भवाने, नाटकात जा तू,” म्हणायच्या आणि हातावर गुळाचा खडा ठेवायच्या.

छावणीला भिंत नव्हती. बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं आणि त्याला एकच दार. दार म्हणजे फेसाटी. बाभळीची भलीमोठी काटेरी फांदी, तिचा बुडखा धरून ओढायची आणि वाट बंद करायची. आमच्याकडची रीत अशी की आतून बंद केली तर बुडखा आत राहतो आणि काटे बाहेर. मग बाहेरच्याला ती उघडता येत नाही. हात घालायला जागाच नसते. उघडायची ती आतल्यानंच, बुडखा आणखी आत ओढून. नंतर जे झालं, ते सगळं या बुडख्यावर ठरलं.

या फेसाटीचा राखणदार होता लिंबाजीतात्या. जन्मभर ऊस तोडून कंबर गेलेला माणूस. कोयता सुटल्यावर खाणार काय, म्हणून सोसायटीनं त्याला हे काम दिलं होतं. त्याच्या मागे कुणी नव्हतं. होतं ते एक कुत्रं. ते विनाकारण आणि न थांबता भुंकायचं म्हणून तात्यानं त्याचं नाव ‘वकील’ ठेवलं होतं. रात्रभर तात्या काठी आपटत फिरायचा आणि भर दुपारी, जेव्हा माणसं, जनावरं, कावळे सगळेच सावलीला निपचित पडायचे, तेव्हा तोही लिंबाखाली तासभर डोळा लावायचा.

तात्याचं एक गुपित होतं, आणि ते छावणीत सगळ्यांना माहीत होतं. जनावरांच्या हौदाला लागून कुंपणाच्या पलीकडे त्यानं ट्रकचा जुना टायर उभा चिरून अर्धा आडवा पुरला होता. कुंपणातून पत्र्याची एक पन्हळ खोचली होती. हौद धुतल्यावर उरलेलं गढूळ पाणी आतून पन्हळीत ओतायचं, ते बाहेर टायरात पडायचं. दुपारी डोंगरावरून हरणं उतरायची आणि ते पाणी पिऊन निघून जायची. कुणी कुरकुरलं तर तात्या म्हणायचा, “हौदाचा गाळ हाय बाबा. तू पितू का? मग पिऊ दे की त्येंला.”

मी त्याच्या मागे लागले, हे काम मला द्या म्हणून. त्यानं दिलं. पण शिकवलं मात्र रीतसर. “काठोकाठ भरायचं, कमे. पाडसाचं तोंड पोचलं पायजे. आन् एक ध्येनात ठेव. पाणी द्यायचं, पर दार द्यायचं न्हाई.”

“कावून, तात्या?”

“त्येंचं भ्या त्येंच्यापाशी ऱ्हाऊ दे. भ्याच्या जिवावर जगत्यात ती.”

हे मला पटलं नाही. गुरुजींच्या अख्ख्या वहीत असं कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यातच गुरुजींनी बातमी आणली की सोसायटीचे चेअरमन पाटोद्याहून पाहुणे घेऊन छावणी बघायला येणार आहेत, आणि त्यांच्यापुढे मी हरणीची कविता म्हणायची आहे. झालं. माझ्या डोक्यात एकच भुंगा शिरला. आजवर शिकारीही मी आणि हरणीही मीच. एकदा, फक्त एकदा, खरी हरणी समोर उभी असावी, मी ओंजळ धरावी आणि तिनं खरंच मान लववावी. म्हणजे मग ती मान कशी लववतात, ते मला बघून घेता आलं असतं. मला दयाबिया काही दाखवायची नव्हती. मला तालीम करायची होती.

पहिल्या दुपारी मी पन्हळीत पाणी ओतलंच नाही. तात्या घोरत होता, वकील गावात उकिरडे फुंकायला गेलेला. मी फेसाटीचा बुडखा दोन्ही हातांनी धरला आणि हातभर वाट होईल एवढी ती आत ओढली. मग हौदाच्या कडेला ओंजळ धरून उभी राहिले. टायर हुंगून एक हरणी बराच वेळ तिथेच थांबली. मग कुंपणाच्या कडेकडेनं चालत आली. वाटेत उभी राहिली. तिच्या कानाच्या कडा उन्हात गुलाबी दिसत होत्या. ओंजळीकडे तिनं ढुंकूनही बघितलं नाही. सरळ हौदाशी गेली, मान खाली घातली आणि प्यायली. माझ्या अंगावर काटा आला. मान लववली! तोंडातल्या तोंडात मी शेवटचं कडवं म्हटलं. कुठलंही जनावर पाणी पिताना मान खालीच घालतं, हे माझ्यासारख्या शेतकऱ्याच्या पोरीला त्या क्षणी सुचलं नाही. कविता पाठ असली की डोळ्यांचं असं होतं.

दुसऱ्या दुपारी तीन आल्या. तिसऱ्या दुपारी मी फेसाटी पुरती आत ओढली, आणि सगळा कळप आला. पुढे माद्या, मागे पाडसं, शेवटी पिळाच्या शिंगांचा काळवीट. पंधरा-वीस तहानलेली तोंडं हौदावर वाकली. त्यांच्या श्वासांचा आवाज मला ऐकू येत होता. आयुष्यात तेवढं सुंदर काही मी पाहिलेलं नाही. हे मी आजही खालच्या मानेनं का होईना, पण कबूल करते.

आणि वकील परत आला.

त्यानं दारात उभं राहून तोंड उघडलं, आणि त्या एका वाटेत कुत्रं उभं असल्यामुळे हरणांना वाटच उरली नाही. ती उधळली ती जनावरांच्या दावणीवरून. काळवीटानं एका म्हशीच्या पाठीवरून उडी घेतली. सगळी छावणी एकदम ओरडत उठली. दावी तुटली, खुंट उपटले, पालं पडली. आमच्या हौशानं कासरा तोडला आणि तो माझ्याच दिशेनं आला. मी बाजूला झाले. त्याचा पुढचा पाय हौदाच्या दगडी मोरीत गेला. वाळलं सरपण गुडघ्यावर मोडावं तसा आवाज झाला. बास, एवढाच.

धूळ खाली बसली तेव्हा हरणं कुंपण फोडून गेलेली होती आणि हौशा मोरीशी बसला होता. कण्हत नव्हता, नुसता नाक फेंदारून आण्णांकडे बघत होता. आण्णांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. माणसं दाराशी जमली. कुणीतरी ओरडलं, “फेसाटी आतून वढलीया! बुडखा बघा, पार आत हाय!” लिंबाजीतात्या लंगडत आला. तो आधी फेसाटीकडे गेला नाही, हौशाकडेही नाही. तो कुंपणाशी गेला, वाकून पलीकडे डोकावला, पन्हळीत बोटं घालून बघितली आणि त्यांना लागलेली धूळ धोतराला पुसली. मला वाटलं, हरणं कुठल्या बाजूला गेली ते बघतोय.

“झोपलतात?” आण्णांनी विचारलं.

“व्हय.”

“मग फेसाटी कुणी वढली?”

तात्यानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“बोला की! हरणावर लई जीव तुमचा. माजी जोडी मोडली, तात्या. आता पेरू कशानं? ह्या हातानं?”

त्या संध्याकाळी मायनं माझे तळवे बघितले. बाभळीचे काटे मोडून आत राहिले होते. तिनं मला पालाच्या मागे नेलं आणि पिनेनं एकेक उकरायला लागली. “कुठं लागलं?”

“खेळताना.”

“बाभळीसंगं कसलं खेळनं गं?” तिनं पीन जरा जास्तच खोल घातली. मी ओरडले नाही. तेव्हा तिला सगळं कळलं. सातही काटे काढून झाल्यावर हळदीचं बोट लावता लावता ती खाली बघूनच म्हणाली, “आण्णाला कळू दिऊ नगस. साळंतून काढंल. कायमचं काढंल.” आणि माझे हात तिनं पदरात गुंडाळून धरले, जणू ते कुणी बघायला येणार होतं.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना गाठलं. विचारलं, “गुरुजी, हरणीनं मान लववल्यावर पुढं काय व्हतं?”

गुरुजी हसले. “पुढं काय? कविता संपते.”

चेअरमन आले ते दोन जीपगाड्या घेऊन. पालांमधल्या मोकळ्या जागेत सतरंजी टाकली होती. हौदापलीकडे हौशा पडलेला, आण्णा त्याच्याशेजारी पाठमोरे. चेअरमन म्हणाले, “आधी पोरीची कविता हून जाऊ द्या, मग कामकाज.” आणि मी म्हटली. एखादी ओळ विसरले असते तर आज मला बरं वाटलं असतं. पण मी विसरले नाही. आवाज खाली न्यायचा तिथे नेला, हात पसरायचे तिथे पसरले. मायनं हळदीचे हात दिसतील म्हणून डोळे मिटून घेतले, लोकांना वाटलं गहिवरली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. लिंबाजीतात्या कडेला काठी टेकून उभा होता. त्यानंही काठी काखेत धरून टाळ्या वाजवल्या.

मग कामकाज. चेअरमननी त्याला पुढे बोलावलं. “फेसाटी आतून उघडली. आत राखणीला कोण व्हतं?”

“मी व्हतो.”

“म्हंजी तुमीच वढली?”

तात्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. एखादा माणूस बस येतेय का म्हणून रस्त्याकडे बघतो, तसं बघितलं. मी सतरंजीच्या कडेचा एक दोरा ओढत होते. तो बराच लांब निघाला.

“मीच वढली,” तात्या म्हणाला.

“कावून बे?” मागून कुणीतरी ओरडलं.

“पाणी पाजाया.”

“पोरीची कविता ऐकून बिघडलं म्हातारं!” दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले. पाहुणे हसले, गुरुजी हसले. मीही हसले.

व्यासपीठावर ही गोष्ट सांगताना मी नेमकी इथेच उभी राहते. माझे हळदीचे तळवे वर करते आणि ओरडते, ‘थांबा! फेसाटी मी ओढली!’ टाळ्यांचा कडकडाट होतो. चाळिसेक वेळा तरी मी अशी उभी राहिले असेन. काही बायका नंतर भेटायला येतात, म्हणतात, ताई, केवढं धाडस त्या वयात. मी त्यांना चहा पाजते. आता हे लिहायला बसले आहे, आणि कागदापुढे कुणी टाळ्या वाजवायला नाही, म्हणून लिहून टाकते. मी उठले नाही. दोरा ओढत बसले. सभेनं तात्याला कामावरून काढलं, दुसरा राखणदार नेमला, आणि गूळ-शेंगदाणे वाटले. मला दोन मुठी मिळाल्या.

तात्या त्याच दुपारी गेला. आधी त्यानं कुंपणाबाहेर जाऊन कुदळीनं तो अर्धा टायर उकरला, खांद्यावर अडकवला, आणि वकीलला हाक मारून सडकेला लागला. कुणी म्हणालं, म्हातारं चप्पल शिवणार वाटतं त्याच्या. हौशा आठ दिवसांनी गेला. आण्णांनी पुढच्या हंगामात गुलब्याला दुसऱ्याच्या बैलाशी जोडून सावडीनं पेरणी केली. पण गुलब्या डाव्या बाजूला हौशाची जागा मोकळी सोडून तिरकाच चालायचा, आणि त्या वर्षीच्या आमच्या सगळ्या ओळी वाकड्या उगवल्या. माझी शाळा मात्र सुरू राहिली.

तीन-चार वर्षांनी मी कॉलेजात नाव घालायला बीडला निघाले होते. मांजरसुंब्याला एसटी चहापाण्यासाठी थांबली. मी ढाब्याच्या मागच्या बाजूला हात धुवायला गेले, आणि मला आधी तो टायर दिसला. उभा चिरलेला, अर्धा, छावणीतल्यासारखाच आडवा पुरलेला. ढाब्याच्या मोरीचं पाणी एका पत्र्याच्या पन्हळीतून त्यात पडत होतं. पलीकडे मोठ्या पातेल्याशी लिंबाजीतात्या उकिडवा बसून ग्लास विसळत होता. त्याच्या बाजूला वकील पडलेला, तोंडावर पांढरे केस आलेले. तो भुंकलासुद्धा नाही.

“कमे का?” तात्या म्हणाला. “उंच झालीस. कविता म्हंतीस का अजून?”

मी पाठ केलेलं सगळं विसरले. रडायचं कसं, आवाज खाली कुठे न्यायचा, काहीच आठवेना. एवढंच बाहेर पडलं, “तात्या, त्या दिशी फेसाटी मी वढलती.”

“म्हाईत हाय,” तो म्हणाला. ग्लास उजेडात धरून त्यानं बघितला, डाग होता म्हणून पुन्हा पाण्यात घातला. “टायर कोरडं व्हतं.”

समोरून गाडीचा हॉर्न वाजला.

“मग तवाच कावून न्हाई बोललात?”

“तू बोलशील म्हनून थांबलो व्हतो.”

हॉर्न पुन्हा वाजला. कंडक्टर ‘चला, चला’ म्हणून ओरडत होता. टायर निम्माच भरलेला होता. कडेला बादली होती, ती मी उचलली आणि ओतायला लागले. काठोकाठ होईपर्यंत. त्यासाठी बरंच वाकावं लागलं. गाडीतून कुणी बघितलं असेल तर त्याला वाटलं असेल, पोरगी म्हाताऱ्याच्या पाया पडतेय. मी नुसतं पाणी ओतत होते.